दोन पासपोर्ट, एक डबल बेड

सयाजीगंजातल्या किंवा अलकापुरीतल्या कुठल्याही ट्रॅव्हल एजंटासमोर बसा आणि थायलंड म्हणा. तो दोन छापील कागद पुढे सरकवतो, एक फॅमिलीचा, एक हनीमूनचा. समोर दोन पुरुष बसलेत हे लक्षात आलं की तिसरा निघतो, बॅचलर्स ग्रुपचा, आणि त्यात संध्याकाळी काय दाखवतात ते अख्ख्या बडोद्याला ठाऊक आहे. गे जोडप्याची सहल या तिन्हींत बसत नाही, ती आपली आपणच आखायची. तसं अवघड काही नाही, फक्त क्रम उलटा आहे. लोक आधी जागा ठरवतात आणि मग कागदांच्या मागे लागतात. आपण आधी कागद बघायचे.

कारण असं की ६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम त्यापुरतं गेलं खरं, पण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी लग्नाचा हक्क मान्य केला नाही. म्हणजे दांडियाबाजारात दहा वर्षं एका घरात राहत असलात तरी व्हिसा अधिकारी, विमा कंपनी आणि आयकर खातं यांच्या लेखी तुम्ही एकमेकांचे कोणीही नाही. हे एकदा मनात पक्कं केलं की बाकीचं आपोआप उलगडत जातं. प्रत्येकाची फाइल एकट्याच्या पायावर उभी राहिली पाहिजे, आणि दोन्ही फायली शेजारी ठेवल्या तर तारखेला तारीख जुळली पाहिजे.

आता जागा. गुजरातेतून लोक जिथे जिथे जातात ती यादी घेऊ, कारण अहमदाबादहून विमानं तिथलीच मिळतात.

दुबई, अबुधाबी, दोहा: तिन्हीकडे समलिंगी संबंध हा गुन्हा आहे. "माझा मित्र जाऊन आला, काही झालं नाही" हे ऐकून घ्या आणि सोडून द्या. मालदीवची जाहिरात कितीही निळी असली तरी तिथल्या दंडसंहितेतही हा गुन्हाच आहे, आणि रिसॉर्टच्या बेटावर कायदा वेगळा नसतो. श्रीलंकेत कलम ३६५ आणि ३६५अ, मलेशियात आपलंच जुनं ३७७. एजंट लोक हल्ली ताश्कंद फार विकतात, त्यावर सगळ्यात जास्त सांभाळून राहा: उझबेकिस्तानात कलम १२० खाली दोन पुरुषांच्या संबंधांना तीन वर्षांपर्यंत कैद आहे. एजंट हे लपवत नाही, त्याला बिचाऱ्याला माहीतच नसतं. तिबिलिसीत संबंध गुन्हा नाहीत, पण जॉर्जियाने सप्टेंबर २०२४ मध्ये 'कौटुंबिक मूल्यां'च्या नावाने कायदा केला आणि डिसेंबरपासून तो लागूही झाला. उघड कार्यक्रम आणि मेळावे आता त्याच्या कचाट्यात येतात. डोंगर बघायला जायचं असेल तर जा, पण गे नाइटलाइफची जुनी वर्णनं वाचून जाऊ नका.

बालीचं कलम नीट वाचण्यासारखं आहे. इंडोनेशियाची नवी दंडसंहिता २ जानेवारी २०२६ पासून लागू झाली. तीत लग्नाबाहेरचा शरीरसंबंध गुन्हा ठरतो, पण तक्रार करण्याचा हक्क फक्त नवरा-बायको, आईवडील किंवा मुलं यांनाच आहे. हॉटेलवाला तक्रार करू शकत नाही, त्यामुळे बहुतेक पर्यटकांना धोका कमी. मात्र घरी बायको आहे आणि तिला काही ठाऊक नाही, अशा गृहस्थाने हे कलम दोनदा वाचावं. असे गृहस्थ आपल्याकडे कमी नाहीत.

मग उरतं काय? पुष्कळ उरतं. थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून समलिंगी लग्न कायदेशीर आहे. तैवानमध्ये २४ मे २०१९ पासून आहे, आशियात सगळ्यात आधी तिथेच झालं. नेपाळात सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या अंतरिम आदेशानंतर अशा लग्नांच्या नोंदी सुरू झाल्या, आणि तिथे जायला व्हिसाही नको, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. व्हिएतनाममध्ये लग्नाला मान्यता नाही पण संबंध गुन्हाही नाहीत, आणि पंचवीस डॉलरचा ई-व्हिसा सरकारी पोर्टलवर स्वतः काढता येतो (नकली पोर्टलं ढिगाने आहेत, पत्ता नीट बघा). मॉरिशसच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२३ ला जुनं कलम रद्दबातल केलं, भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. तिथे मराठी घरं आहेत हे विसरू नका. समुद्रकिनारी मराठीत काहीबाही बोलाल आणि शेजारचा मान वळवून हसेल.

सिंगापूरने ३७७अ काढून टाकलं, ३ जानेवारी २०२३ पासून. शहर निवांत आहे, पण दरवर्षी होंग लिम पार्कात भरणाऱ्या पिंक डॉट या समलिंगींच्या मेळाव्याच्या तारखा साधून तिकिटं काढू नका. २०१७ पासून त्यात फक्त नागरिक आणि कायम रहिवासी भाग घेऊ शकतात. परदेशी पर्यटकाला कुंपणाबाहेर राहावं लागतं.

तैवानच्या राजधानीत, तैपेईत, प्राइड म्हणजे समलिंगींची मिरवणूक ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी असते. नवरात्र उरकून, दिवाळीच्या आगेमागे. रजा जुळते पण तिकीट महाग पडतं. तैवानचा एक फायदा फारसा कोणाला माहीत नसतो: तुमच्याकडे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, जपान असल्या देशाचा किंवा शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक) चालू किंवा गेल्या दहा वर्षांत संपलेला व्हिसा असेल, तर ऑनलाइन प्रवास परवाना फुकट मिळतो. म्हणून शहाणपणाचा क्रम असा की आधी युरोप, मग तैवान.

युरोपचा व्हिसा हाच खरा अभ्यासाचा विषय. अर्ज सहलीच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. उन्हाळ्यात भेटीची वेळच मिळत नाही, तेव्हा जूनच्या सहलीला फेब्रुवारीतच हात घाला. फी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोचा, पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी. ज्या देशात जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी पाय ठेवणार तिथे.

अर्जात वैवाहिक स्थितीचा एक रकाना असतो. त्यात 'अविवाहित', 'विवाहित' यांच्या जोडीला 'नोंदणीकृत भागीदारी' असंही दिसतं, आणि इथे मन मोहात पडतं. खूण करू नका. ती खूण कुठल्यातरी देशाच्या सरकारी नोंदणीसाठी आहे, आणि पुरावा मागितला तर तुमच्याकडे काही नाही. तुम्ही अविवाहित आहात. घरच्यांनी लग्न लावून दिलं असेल तर विवाहित. लैंगिकतेबद्दल अर्जात कुठेही प्रश्न नाही आणि सांगायची गरजही नाही.

सोबतच्या पत्रात एक वाक्य मात्र दोघांनीही घालायचं: अमुक नावाचा, अमुक पासपोर्ट क्रमांकाचा माणूस माझ्याबरोबर प्रवास करत आहे, आमची हॉटेलं आणि विमानं एकच आहेत. 'मित्र' लिहा, 'पार्टनर' लिहा, चालतं. पण दोन्ही पत्रांत एकच शब्द हवा. एकाने मित्र आणि दुसऱ्याने चुलतभाऊ लिहिलं की फाइल संशयात गेलीच. भेटीची वेळ शक्यतो एकाच दिवसाची घ्या. अहमदाबादच्या व्हिसा केंद्रावर बोटांचे ठसे द्यायला दोघांनाही स्वतः जावं लागतं, एकाने दुसऱ्याची फाइल नेऊन भागत नाही.

फाइल नाकारली जाते ती बहुधा पैशांवरून. एकाचा पगार चांगला, दुसरा फ्रीलान्स किंवा दुकानात, म्हणून पगारवाला अर्ज भरायच्या आधी आठवडाभर दुसऱ्याच्या खात्यात दोन लाख टाकतो. स्टेटमेंटवर तो आकडा दिव्यासारखा चमकतो. शिवाय आयकराच्या दृष्टीने जोडीदार हा 'नातेवाईक' नाही: वर्षभरात बिनानातेवाइकांकडून मिळालेली एकूण भेट ५०,००० रुपयांच्या वर गेली की पूर्ण रक्कम उत्पन्नात धरली जाते, फक्त वरची नाही. त्यापेक्षा ज्याची कमाई जास्त त्याने आपल्या कार्डावरून हॉटेल आणि विमानाचे पैसे भरावेत, पावत्यांची प्रत दोन्ही फायलींत जोडावी, आणि दुसऱ्याने रोजच्या खर्चापुरती शिल्लक आपल्या खात्यात सहा महिने सांभाळावी. टूर पॅकेज घेतलंत तर टीसीएस, म्हणजे विकणारा आगाऊ कापून घेतो तो कर, ज्याच्या पॅनवर कापला त्यालाच परत मिळतो, हिशेब करताना हे धरा.

एकाला व्हिसा आणि दुसऱ्याला नकार, असंही होतं. व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येणारीच हॉटेलं घ्या. आणि पहिला व्हिसा मिळाला की तो नियमाने वापरा, दोघंही. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नियम आहे की तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा, अनेकदा जाता येईल असा मिळू शकतो. एकाच्या खात्यात दोन आणि दुसऱ्याच्या एक असं झालं की पुढची सगळी वर्षं गणित चुकत राहतं.

युरोपात कुठे? माद्रिद, बार्सिलोनाजवळचं सिट्जेस, बर्लिनचा नोलेनडॉर्फप्लात्झचा परिसर, अ‍ॅमस्टरडॅम. माल्टा तर समलिंगींसाठीच्या कायद्यांच्या युरोपातल्या क्रमवारीत वर्षानुवर्षं पहिला राहिलाय. अ‍ॅमस्टरडॅमला कालव्यांवरची परेड ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी असते आणि त्या आठवड्यात खोल्यांचे भाव बघवत नाहीत. प्राइड चुकली म्हणून हळहळू नका. वेस्टरकेर्क चर्चच्या बाजूला गुलाबी ग्रॅनाइटचे तीन त्रिकोण आहेत, होमोमोन्युमेंट, १९८७ चं. त्यातला एक पायऱ्यांनी थेट कालव्याच्या पाण्यात उतरतो, आणि त्या पायऱ्यांवर बसायला कुठल्याही महिन्यात पैसे पडत नाहीत. बुडापेस्ट सुंदर आहे, संबंधांना अडचण नाही, पण मार्च २०२५ च्या कायद्याने प्राइडवर बंदी घातली आणि चेहरे ओळखणारे कॅमेरे वापरून दंड करायची सोय ठेवली. मिरवणुकीच्या दिवशी तिथे असाल तर हे ठाऊक असू द्या.

विमान कुठून बदलायचं? अहमदाबादहून स्वस्त पडतं ते दुबई-दोहावरून. विमानतळाच्या आत राहून दुसरं विमान पकडण्यात अडचण नाही. अडचण होते ती पहिलं विमान उशिरा पोचतं तेव्हा. एअरलाइन रात्रीपुरतं शहरातलं हॉटेल देते आणि तुम्ही न ठरवता त्या देशात शिरता. अशा रात्री ट्विन, म्हणजे दोन वेगळ्या पलंगांची खोली मागा, फोन लॉक करा, डेटिंग अ‍ॅप आधीच काढून टाका, झोपा. मुंबईहून फ्रँकफर्ट, पॅरिस, अ‍ॅमस्टरडॅम, झ्युरिकची थेट विमानं आहेत. थोडे पैसे जास्त पडतात, आणि बडोद्याहून मुंबई रेल्वेने काही लांब नाही.

हॉटेलचं बुकिंग करताना दोघांची नावं घाला. एकाचंच नाव आणि 'प्लस वन' ठेवलं की काउंटरवर दुसरा पासपोर्ट बघून भुवई उंचावते. त्यानंतर हॉटेलला थेट ईमेल करा, फोन नको, कारण लिहिलेलं दाखवता येतं. त्यात तीनच गोष्टी: आम्ही दोन प्रौढ पुरुष, आम्हाला एक किंग बेड हवा, कृपया लेखी कळवा. हे का करावं लागतं? कारण दोन पुरुषांची नावं दिसली की रिसेप्शनवरचा माणूस चांगल्या भावनेने, तुमची सोय म्हणून, खोली ट्विन करून टाकतो. बँकॉकलाही करतो, बर्लिनलाही करतो. रात्री अकरा वाजता पोचल्यावर सांगतो की आता डबल शिल्लक नाही. जर्मनी-ऑस्ट्रियात आणखी एक गंमत: ज्याला ते डबल म्हणतात तो एका चौकटीतल्या दोन गाद्यांचा असतो, मधे बोटभर फट आणि दोन वेगळी पांघरुणं. तो अपमान नाही, तिथे नवरा-बायकोलाही तेच मिळतं. सलग गादी हवी असेल तर 'एकच गादी' असं शब्दशः लिहा. जपानमध्ये सरकारने २०१८ मध्येच हॉटेलांना सांगून ठेवलंय की समलिंगी जोडप्याला खोली नाकारू नका, तरी ईमेल कराच. आणि जिथे कायदा विरोधात आहे तिथे मुळात ट्विनच घ्या, दोन पलंग जोडून घेऊ नका, सकाळी साफसफाईला माणूस येतो.

विम्याचं थोडक्यात. फॅमिली फ्लोटरमध्ये, म्हणजे अख्ख्या कुटुंबाच्या एका पॉलिसीत, जोडीदार बसत नाही, दोन स्वतंत्र पॉलिसी घ्या. अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलंय की समलिंगी जोडीदारांनी संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला मनाई नाही. बँकेतला माणूस डोकं खाजवू लागला तर हे सांगा. त्याखेरीज दोघांनी एकमेकांच्या नावे इंग्रजीत एक अधिकारपत्र करावं: मी बेशुद्ध असेन तर माझ्या प्रकृतीची माहिती याला द्यावी, निर्णयात याला विचारावं. कोठी कचेरीच्या आसपास नोटरी करून घ्या, एक प्रत खिशात, एक फोनमध्ये. परदेशातल्या हॉस्पिटलावर ते बंधनकारक असेलच असं नाही, पण कागद असलेला माणूस आणि कागद नसलेला माणूस यांच्याशी नर्स वेगळं बोलते.

औषधांकडे लोक शेवटच्या रात्री वळतात, वळावं महिनाभर आधी. एचआयव्हीची रोजची गोळी चालू असेल तर ती जिथून मिळते त्या एआरटी सेंटरला (एआरटी म्हणजे एचआयव्हीची औषधं) तारखा सांगून सहल अधिक दोन आठवडे एवढा साठा मागा. डबी मूळची, डॉक्टरची चिठ्ठी सोबत, आणि सगळं हातातल्या बॅगेत. चेक-इनची बॅग हरवते तेव्हा कपडे परत विकत घेता येतात. वेळ बडोद्याचीच ठेवा: इथली रात्री नऊची गोळी उन्हाळ्यात अ‍ॅमस्टरडॅमला संध्याकाळी साडेपाचला, तैपेईला रात्री साडेअकराला. गोळीत डोल्यूटेग्राविर असेल तर प्रवासात हमखास लागणारी ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमवाली ॲसिडिटीची गोळी त्याबरोबर घेऊ नका, एआरटीचा असर कमी होतो. एआरटी दोन तास आधी किंवा सहा तास नंतर.

प्रेप, म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीच घ्यायचं औषध, घेणार असाल तर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन तपासून घ्या. रोज नको असेल तर टेनोफोविर डायसोप्रॉक्सिल-एमट्रिसिटाबिनची दोन-एक-एक पद्धत आहे: संबंधाच्या दोन ते चोवीस तास आधी दोन गोळ्या, पहिल्या डोसानंतर चोवीस तासांनी एक, अठ्ठेचाळीस तासांनी एक. शेवटची गोळी लोक विसरतात, कारण तोवर विमानात बसलेले असतात. फोनला गजर लावा. हिपॅटायटिस बी असेल तर ही पद्धत डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. प्रेप नव्हती आणि चूक झाली, तर पेप, म्हणजे संबंधानंतर घ्यायचं प्रतिबंधक औषध, ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची असते, जितकी लवकर तितकी बरी. बँकॉकला रात्चादम्री रस्त्यावर थाई रेडक्रॉसचं अ‍ॅनॉनिमस क्लिनिक आहे, पत्ता जायच्या आधी जपून ठेवा. हिपॅटायटिस ए ची लसही बघा. पहिला डोस निदान दोन आठवडे आधी.

डेटिंग अ‍ॅप. कायदा अनुकूल असलेल्या शहरातही अंतर दाखवणारी सोय बंद ठेवा. पहिली भेट कॅफेत, हॉटेलच्या खोलीत नाही, आणि स्वतःचा ग्लास स्वतःच्या हातात. इजिप्तमध्ये पोलीसच अ‍ॅपवर गळ टाकून बसतात, तिथे अ‍ॅप उघडूच नका. रशियात २०२३ च्या न्यायालयीन आदेशाने सगळ्या एलजीबीटी चळवळीलाच अतिरेकी ठरवलंय. ई-व्हिसा सोपा झाला म्हणून जाण्यासारखं ते ठिकाण नाही.

थायलंडला बिनव्हिसा प्रवेशाची मुदत जुलै २०२४ मध्ये ६० दिवस झाली, पण ती बदलू शकते, तिकीट काढण्याआधी दूतावासाचं पान बघा. येण्याच्या तीन दिवस आधीपासून डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं, ते फुकट असतं, पैसे मागणारी साइट खोटी. ई-सिगारेट तिकडे बेकायदा आहे, घरीच ठेवा. बँकॉकच्या सिलोम भागात सोई ४ या गल्लीत गे बारची टेबलं बाहेर मांडलेली असतात, सालाडेंग स्टेशनवरून चालत पाच मिनिटं. बसण्यापूर्वी भावपत्रक मागा. आणि अहमदाबादच्या इमिग्रेशनला दोन तरुण, अविवाहित, बँकॉक, असं दिसलं की हल्ली जरा जास्त विचारतात, कारण नोकरीच्या आमिषाने तिकडच्या सायबर टोळ्यांच्या हाती सापडलेल्या मुलांची प्रकरणं. परतीचं तिकीट, हॉटेलची पावती आणि रजेचं पत्र छापून हातात ठेवा. "एकमेकांचे कोण?" असं विचारलं तर "मित्र" हे उत्तर पुरतं, आणि दोघांनी तेच द्यायचं.

दिवाळीच्या सुट्टीत पट्टायाच्या बीचवर मांजलपूरचे काका भेटतात, हेही धरून चला. घरी सांगितलं नसेल तर नोव्हेंबरच्या शेवटी जा, किंवा व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस परत येईपर्यंत बंद ठेवा. फोटो आपोआप घरच्या शेअर्ड अल्बममध्ये जात नाहीत ना, तेवढं विमानात बसण्याआधी तपासा.

राहिला खाऊ. युरोपात दूध आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, म्हणजे पेढे नाहीत. ठेपले, लीलो चेवडो चालतात. भाकरवडी चालते, पण दुबईत बाहेर पडणार असाल तर पाकिटाच्या मागची घटकांची यादी वाचा: सारणात पुष्कळदा खसखस असते, आणि तिकडे खसखस अमली पदार्थांत मोडते.